बारीक आवाज

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की मिहू वळलेली नाही. शुक्रवार, सुट्टीचा दिवस. विष्णू सोफ्यावर लोळत होता आणि मिहू खिडकीशी जमिनीवर पाठमोरी बसून एका हत्तीला हिरवा रंग फासत होती. आमचं स्वयंपाकघर हॉललाच जोडलेलं, मध्ये नुसता ओटा, म्हणजे कुकर तिच्यापासून चार हातांवर होता. एरवी पहिल्या शिट्टीलाच ही कार्टी हातातलं टाकून "कुकर ओरडला!" म्हणत उड्या मारायची आणि दुसरीची वाट बघत कानांवर हात ठेवून उभी राहायची. रांगत होती तेव्हापासूनचा तिचा हा कार्यक्रम. मी गॅस बंद केला नाही. आणखी एक शिट्टी झाली, आणखी एक झाली, हत्तीची सोंड हिरवी झाली, पण मान काही हलली नाही. शेवटी विष्णू म्हणाला, "हेमा, अगं बंद कर तो कुकर, डाळीचं पीठ होईल." त्याचा तो घोगरा, पोटातून येणारा आवाज ऐकून मात्र मिहूने वळून पाहिलं, त्याच्याकडे बघून हसली आणि परत हत्तीकडे गेली. मी गॅस बंद केला.

मिहू म्हणजे मिहिका, आमची एकुलती एक, नुकतीच तीन वर्षांची झालेली. महिन्यापूर्वी, आमच्या दुबईपासून दीड तासावरच्या अल ऐनच्या इस्पितळात तिच्या यकृताचा उजवा भाग कापून काढला होता, आतल्या गाठीसकट. त्याआधी गाठ आकसावी म्हणून सिसप्लॅटिन नावाच्या औषधाचे चार डोस झाले होते, आणि आता डोळ्यांना न दिसणारं काही उरलं असेल तर तेही मरावं म्हणून आणखी दोन द्यायचे होते. त्यातला पहिला येत्या सोमवारी. या औषधाचा कानांवर परिणाम होऊ शकतो हे तिच्या डॉक्टरीणबाई, डॉक्टर हमीदा, यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. उलट्या, केस, किडनी आणि मग कान. पण पोरीच्या पोटात कॅन्सर आहे हे नुकतंच ऐकलेल्या बाईच्या डोक्यात कान कुठून शिरणार? मी मान डोलावली होती. पहिल्या डोसआधी कान तपासले ते उत्तम निघाले. ऑपरेशनच्या आधी पुन्हा तपासायचे होते, तेव्हा मिहूला सर्दी झाली होती आणि तिने रडून असा काही गोंधळ घातला की ती तपासणी पुढे गेली. घरी आम्ही आमची तपासणी करत होतोच. विष्णू तिच्या मागे जाऊन टेबलावर मूठ आपटायचा, ती दचकून वळायची, आणि तो विजयी मुद्रेने जाहीर करायचा, "कान ठणठणीत!" बहिरं होणं म्हणजे सगळं एकदम बंद होणं, वीज जाते तसं, अशी आमची समजूत. आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात आणि जाडे आवाज तसेच राहतात, हे आम्हांला कुणी सांगितलंही असेल. आम्ही ते ऐकलं नव्हतं.

यकृत पोटात नेमकं कुठे असतं हेदेखील मला मागच्या सप्टेंबरापर्यंत धड सांगता आलं नसतं. त्या दिवसांत टीव्हीवर सारख्या अमेरिकेतल्या बँका बुडत होत्या आणि मी टबात मिहूला आंघोळ घालत होते. साबणाचा हात उजव्या बरगडीखाली गेला आणि तिथे काहीतरी घट्ट लागलं. पेरू असतो तसं. तिचं पोट पुढे आलेलं आम्हांला दिसत नव्हतं असं नाही, चांगलं दिसत होतं, आम्ही त्याचं कौतुक करत होतो! गणपतीला घरी आलेल्या बायकांनी त्या पोटावरून हात फिरवून "अगदी गणोबा गं!" म्हटलं होतं आणि दृष्ट लागू नये म्हणून मी तिच्या कानामागे काजळाचं बोट टेकवलं होतं. आपल्याकडे मुलाच्या पोटाकडे बघून कुणी काळजीत पडतं का? बाळसं म्हणतो आपण त्याला. पुढे डॉक्टर हमीदांनी मला कागदावर यकृत काढून दाखवलं. त्या मूळच्या लखनौच्या, अल ऐनला येऊन जन्म गेलेला, केस पांढरे, बोलणं असं की रागावल्या तरी पान पुढे केल्यासारखं वाटावं. म्हणाल्या, "देखिए, माँ के पेट में जब बच्चे का जिगर बन रहा होता है, तब के कुछ सेल्स बड़ा होना भूल जाते हैं. बस, वही हैं ये." हिपॅटोब्लास्टोमा हे त्याचं नाव. दहा लाख मुलांत एखाद्याला होणारा. मी विचारलं, मी गरोदरपणात काही खाल्लं होतं का, काही चुकलं का माझं? तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ये सवाल हर माँ पूछती है. आपने कुछ नहीं किया." माझा त्यांच्यावर तेव्हापासून जीव आहे.

पण कुकरच्या त्या शुक्रवारी मला हे सगळं आठवलं नाही. आठवलं ते गेल्या काही आठवड्यांतलं. मिहू काहीही विचारलं की "व्हॉट?" म्हणायची. विष्णूचं निदान तयार होतं: ही नर्सरीची आणि वॉर्डातल्या फिलिपिनो नर्सबायांची कृपा. इथे वाढणारी आपली सगळीच पोरं शेवटी इंग्रजीत उत्तरं देतात. आपण मराठीत विचारायचं, त्यांनी इंग्रजीत फेकायचं, आणि दोघांनीही त्याला संभाषण म्हणायचं. विष्णूला ते आपल्या घरात नको होतं. दादरला वाढलेल्या माणसाचा तो हट्ट होता आणि मला तो आवडायचाही. त्याने नियमच काढला, मराठीत बोलल्याशिवाय उत्तर नाही. "मिहू, पाणी हवंय का?" "व्हॉट, बाबा?" "व्हॉट नाही, काय म्हण." त्यावर ती गंभीरपणे म्हणायची, "काय म्हण." आणि तो हसून हसून सोफ्यावरून खाली यायचा.

माझं निदान वेगळं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, पोर माझ्यावर रुसली आहे. सुई टोचताना तिला घट्ट धरून ठेवणारी मी. नाकातली नळी उपसू नये म्हणून तिचे हात बांधून बसणारी मी. ऑपरेशन थिएटरच्या दारात तिची मिठी सोडवून तिला परक्या बाईच्या हातात देणारीही मीच. बाबा फुगे आणतो, बाबा कॉरिडॉरमधून सलाइनच्या स्टँडवर बसवून फिरवतो. बाबाने हाक मारली की ही वळते, मी मारली की नाही वळत, यात नवल ते काय? बापाची लाडकी, असं मी हसत म्हणायचे आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे. घरात दोन सुशिक्षित माणसं, एकाला आपली भाषा जाईल ही भीती आणि दुसरीला आपली मुलगी जाईल ही, आणि दोघांनीही पोरीच्या कानांत आपापली भीतीच तपासून पाहिली होती.

दुपारी विष्णू झोपल्यावर मी मायक्रोवेव्ह रिकामाच लावला. तो संपताना टी टी टी करतो. मिहू पाठमोरी होती, हलली नाही. मी चमचा लाकडी पोळपाटावर आपटला, तर लगेच वळली आणि "डोन्ट, आई" म्हणाली. मग मी तिच्या मागे गेले, दोन हात अंतरावर उभी राहिले, आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मिहू, आइस्क्रीम खाणार?" माझा आवाज लहानपणापासून बारीक आहे. शाळेत बाई म्हणायच्या, हेमा, जरा पोटातून बोल. फोनवर लोक अजूनही मला "बेटा, मम्मी को बुलाओ" म्हणतात. आइस्क्रीम या शब्दाला आमच्या घरात आजवर कुणी बहिरं झालेलं नव्हतं. ती रंगवत राहिली. टक्कल पडलेल्या डोक्यावर मागच्या बाजूला चार केस उरलेले, ते एसीच्या वाऱ्याने हलत होते. मी श्वास घेतला, हनुवटी छातीला लावली आणि विष्णूची नक्कल करत, घसा खरवडून म्हटलं, "ए मिहू!" ती गर्रकन वळली. बाबा कुठेच नाही आणि आईच उभी आहे हे पाहून आधी गोंधळली आणि मग खदखदून हसत सुटली. "आई, व्हाय यू आर बाबा?" मीही हसले. तिला उचललं, ऑपरेशनची जखम सांभाळून पोटाशी धरलं आणि हसतच राहिले.

पहिलं जे वाटलं ते सांगते. मला आनंद झाला होता. ती माझ्यावर रुसली नव्हती, तिला मी ऐकूच येत नव्हते! काही क्षण तर मला नाचावंसं वाटलं. मग आपण कशाचा आनंद करतो आहोत हे कळलं. मी तिला मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. समोर आमच्या टॉवर्सच्या मधलं तळं, त्यात अजून अर्धंच पाणी, आणि पलीकडे डिसेंबरापासून थांबलेल्या क्रेन. त्यांच्या माना ज्या दिशेला होत्या त्याच दिशेला अजून होत्या. बाजूच्या फ्लॅटमधली छाया नवऱ्याची नोकरी गेल्यावर महिन्याच्या आत नाशिकला परत गेली, जाताना कढीपत्त्याची कुंडी आणि फ्रीजमधलं अर्धं सामान मला देऊन. विष्णू लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत. टॉवरच अर्धवट राहिले तर लिफ्ट चढणार कुठे? तरी त्याला ठेवलं होतं, कारण अर्धवट टॉवरमध्ये जाऊन लिफ्टचे रिकामे खड्डे बंद करायलाही कुणीतरी लागतं. नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर अल ऐन, हा आमचा तेव्हाचा जप होता. दोन डोस, फक्त दोन डोस निभावून नेऊ या, असं आम्ही एकमेकांना म्हणत होतो. आणि आता ते दोन डोसच मला समोर नको झाले होते. विष्णूला मी त्या दिवशी काही बोलले नाही. शुक्रवार होता, त्याने मटण आणलं होतं, त्याची एवढी सुट्टी गोड जाऊ दे असं वाटलं. शनिवारीही जीभ रेटली नाही. फक्त डॉक्टर हमीदांना फोन केला, आणि त्यांनी रविवारी सकाळी कानांच्या तपासणीसकट बोलावलं.

गाडीत सांगितलं. दुबई मागे पडली की अल ऐनच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना तांबडी वाळू आणि तारेचं कुंपण लागतं, बोलायला तो रस्ता बरा, कारण एकमेकांकडे बघावं लागत नाही. मिहू मागे तिच्या सीटमध्ये झोपली होती. मी कुकर सांगितला, मायक्रोवेव्ह सांगितला, आइस्क्रीम सांगितलं. विष्णूने रेडिओ बंद केला. एक उंटांचा कळप गेला, पाण्याचे दोन टँकर गेले.

"म्हणजे ती व्हॉट म्हणायची ते..."

"हो."

"आणि मी काय म्हण, काय म्हण करत बसलो होतो."

"विष्णू, मीही रुसली म्हणत होते."

"कुणावर?"

"माझ्यावर."

त्याने उजवा हात स्टिअरिंगवरून काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि अल ऐनचे गोल चौक सुरू होईपर्यंत तिथेच राहू दिला. तो चिडेल, माझ्यावर नाही तर डॉक्टरांवर, असं मला वाटलं होतं. त्याऐवजी तो म्हणाला, "मटण खाताना का नाही सांगितलंस? मी एकटाच मजेत जेवलो." असा माणूस आहे हा.

कानांच्या तपासणीची खोली म्हणजे गादी लावलेल्या भिंतींची एक पेटीच. तिथे काम करणारी नूरजहाँ हैदराबादची, पोरगेलीशी, मिहूची जुनी ओळख. तिने खेळ समजावला: आवाज आला की हातातला ठोकळा बादलीत टाकायचा. मिहू माझ्या मांडीवर, समोर बादली, दोन बाजूंना दोन स्पीकर, काचेपलीकडे नूरजहाँ. सुरुवातीला जाडे आवाज आले, दूरवर बोट भोंगा वाजवते तसे. मिहूने ठोकळे दणादण टाकले, प्रत्येकाला "येस!" मला वाटलं, आपणच वेड्या, सगळं ठीक आहे. मग आवाज हळूहळू वर चढत गेले. एक आला, स्वच्छ, बारीक, चिमणीच्या पिल्लासारखा. मी ऐकला. मिहू हात वर धरून थांबली होती, जिंकायच्या तयारीत, मान वळवून माझ्या तोंडाकडे बघत. पुन्हा आला तो आवाज. माझ्या भुवया वर गेल्या. मिहूने लगेच ठोकळा टाकला आणि ओरडली, "येस!"

स्पीकरमधून नूरजहाँचा आवाज आला, "मम्मी, आप मत बताओ."

"मैंने तो कुछ नहीं बोला."

"आप आँखों से बतारे."

खरं होतं. नर्सरीच्या इंटरव्ह्यूतही मी हेच केलं होतं. मॅडमनी "व्हिच कलर?" विचारलं की मी मागे बसून माझ्या लाल ओढणीशी चाळा करायचे, आणि मिहू "रेड!" म्हणून मोकळी. पास झाली होती पोर, मी दोन दिवस मिरवलं होतं. आपल्याला मुलांना परीक्षेत बसवताना स्वतः बाजूला होताच येत नाही, आणि इथे तर माझ्याच मांडीवर परीक्षा चालली होती. मी म्हटलं सॉरी. डोळे मिटले आणि चेहरा तिच्या डोक्याच्या मागे टेकवला, म्हणजे तिला मी दिसणार नाही. तिच्या टाळूला इस्पितळाच्या साबणाचा वास होता. आवाज येत होते. बारीक, मग त्याहून बारीक, उजवीकडून, डावीकडून, एकेक स्वच्छ आवाज येत होता आणि ठोकळा पडत नव्हता. तिची वाट बघणारी, ताठ झालेली पाठ माझ्या छातीला लागत होती. एकदा तिने हळूच मागे हात करून माझा गाल चाचपला, आई जागी आहे ना हे बघायला. मी डोळे उघडले नाहीत. आयुष्यात मी इतकी कठीण गोष्ट केलेली नाही, तिला थिएटरच्या दारात सोडणंसुद्धा याहून सोपं होतं.

डॉक्टर हमीदांनी आलेख आमच्यासमोर ठेवला. डावीकडे, जाड्या आवाजांपाशी, रेघ सरळ चालली होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. त्या कधी आडपडदा ठेवत नाहीत. म्हणाल्या, जे गेलं ते परत येणार नाही, कानातल्या त्या बारीक पेशी पुन्हा उगवत नाहीत. "जिगर वापस बढ़ता है, कान नहीं." कानांना मशीन लावता येईल, पोर बोलेल, शिकेल, पण उरलेले दोन डोस दिले तर ही घसरण आणखी अलीकडे सरकेल. आणि नाही दिले तर? गाठ पूर्ण निघाली आहे, रक्तातला मार्करही छान खाली आला आहे. मार्कर म्हणजे आईच्या पोटातल्या बाळाच्या रक्तात असणारं एक प्रथिन, ही गाठ ते नव्याने बनवते, त्यावरून तिचा माग काढतात. पण तो अजून नॉर्मल झालेला नव्हता. म्हणजे कुठेतरी चार पेशी असतील, नसतीलही. आजार उलटला तर दुसऱ्यांदा बरा करणं फार अवघड. "मेरी बच्ची होती तो मैं देती," त्या म्हणाल्या. "लेकिन मेरी बच्ची नहीं है. आप दोनों बाहर जाकर बात कर लीजिए, कोई जल्दी नहीं."

कॉरिडॉरमध्ये खिडकीशी खुर्च्या होत्या. मिहू आमच्यामध्ये उभी राहून नूरजहाँने दिलेल्या स्टिकरशी खेळत होती. विष्णू लगेच म्हणाला, "थांबवू या."

मला त्याच्याकडून हेच अपेक्षित होतं. मऊ माणूस आहे, पोरीला इंजेक्शन देताना हाच खिडकीबाहेर बघतो. मला वाटलं आता शाळेचं निघेल, लोक काय म्हणतील निघेल, पुढे लग्नाचं निघेल, आणि मी त्या सगळ्याला उत्तरं तयार करू लागले.

"गाठ गेलीये, हेमा. मार्कर खाली आलाय. एवढं सोसलं तिने, खलास, पुरे आता."

"त्या म्हणाल्या ते ऐकलंस ना? उलटला तर?"

"तू ऐक माझं." तो कुजबुजायला लागला. "माझा आवाज तिला येतो. जाडा आहे म्हणून येतो, आणि दोन डोस आणखी दिले तरी येईल. तुझा आत्ताच अर्धा गेलाय. तो आलेख मी नीट बघितला. अजून थोडं अलीकडे सरकलं ना, की तुझा आवाज तिच्याकडून गेला. सगळाच गेला. तुझा आवाज कसा होता हे तिला आठवणारही नाही, तीन वर्षांची आहे ती." त्याने नाक पुसलं. "मला हे नाही बघवणार."

मी त्याच्याकडे बघत राहिले. माझी सगळी तयार उत्तरं वाया गेली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, माझ्या आवाजाची रोज थट्टा करणारा हा माणूस. मी गाणं गुणगुणलं की कुकर लावलायस का विचारणारा. आणि तो आवाज लेकीकडे राहावा म्हणून हा गाठीशीसुद्धा तडजोड करायला निघाला होता. मला त्याच्यावर इतकं प्रेम आलं, आणि त्याच क्षणी कळलं की हा चुकतो आहे.

"मशीन लावल्यावर येईल म्हणाल्या ना."

"मशीनमधून. तो तुझा असेल का?"

"नसू दे. विष्णू, आवाज माझा आहे ना? मी देऊन टाकते. ती राहू दे."

"हेमा..."

"मला ती हवी आहे. माझा आवाज न ऐकणारी, माझ्याकडे पाठ करून बसणारी, कशीही. मला ती मोठी झालेली बघायची आहे."

मिहू मान वर करून एकदा त्याच्या तोंडाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघत होती. स्टिकर तिच्या बोटालाच चिकटला होता. "व्हाय यू आर टॉकिंग सो स्मॉल?" तिने वैतागून विचारलं. विष्णूने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि आत जाऊन सही केली.

सोमवारी डोस लागला. दिवसभर थेंब थेंब जाणारं औषध, शेजारी पाण्याची बाटली, आणि दर थोड्या वेळाने उलटी. त्या दिवशी मी तिच्याशी माझ्या खऱ्या आवाजात बोलत राहिले. घसा न खरवडता, हनुवटी न दाबता, मला देवाने दिलाय त्याच आवाजात, तिच्या कानाला तोंड लावून. तू पोटात होतीस तेव्हा मला रोज पाणीपुरी खावीशी वाटायची. तुझ्या मामाला लहानपणी भोपळा म्हणायचे. तुझं नाव ठेवताना बाबाने चिठ्ठ्या टाकल्या आणि मी लबाडी केली. रुवैसच्या माझ्या आतेबहिणीकडे समुद्र आहे, तू बरी झालीस की जाऊ. जे सुचेल ते. त्यातलं तिला किती पोचलं मला माहीत नाही. माझा श्वास कानात गेला की ती गुदगुल्या झाल्यासारखी खांदा वर करायची, मग पुन्हा कान पुढे द्यायची. औषध देणाऱ्या नर्सला वाटलं मी मंत्र म्हणते आहे. दुसऱ्या डोसलाही मी तेच केलं. दुसऱ्या दिवशी माझाच घसा बसला आणि विष्णू म्हणाला, "वा, आता दोघींचं जमलं." मी त्याला नर्ससमोर चिमटा काढला.

उन्हाळ्यात मशीन आली, गुलाबी, तिनेच रंग निवडला. ती पहिल्यांदा कानांना लावल्यावर मी काहीतरी बोलले, आणि तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की ही कोण बाई. मग मशीन उपसून माझ्या हातात दिली. काही आठवडे लागले. आता मशीन लावून ती मला ऐकते. कोणत्या आवाजात ऐकते कुणास ठाऊक, तो आवाज मला कधी ऐकता येणार नाही. सुरुवातीला मी याने फार कष्टी व्हायचे. मग एकदा पोळ्या लाटताना सहज वाटलं, आपल्याला तरी आपला आवाज दुसऱ्याला कसा ऐकू येतो हे कधी कळलं आहे? विष्णूने नियम रद्द केला होता. तो आता मराठीत विचारतो, ती इंग्रजीत फेकते, आणि तो दर वेळी खुशीत मान हलवतो.

ऑक्टोबरात शेवटचा स्कॅन झाला. त्यासाठी तिची मशीन काढून मी पर्समध्ये ठेवली होती. आम्ही डॉक्टर हमीदांच्या खोलीत बसलो. त्यांनी संगणकावर चित्र लावलं आणि बोटाने कडा दाखवली: कापलेलं यकृत वाढून पुन्हा भरून आलं होतं, जागा सोडलेली कुठेच नव्हती. मार्कर नॉर्मल, गेले कित्येक महिने नॉर्मल. त्या म्हणाल्या, "अब आप लोग जाइए, घर जाइए. जनवरी में सिर्फ़ खून दिखाने आइएगा." आणि मग उठून मिहूच्या समोर गुडघ्यांवर बसल्या, सांधे दुखत असतानाही, आणि तिला हळूहळू सांगितलं, "यू आर ऑल वेल." मिहूने डॉक्टरांच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "ओके."

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर विष्णू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रुमाल दोन्ही हातांनी चेहऱ्यावर दाबलेला, खांदे हलत होते. मिहूने त्याची पँट ओढली. "बाबा, आय कान्ट हिअर यू." तो काही बोलतच नव्हता, पण ते तिला कसं कळणार? तिने उडी मारून रुमाल खेचला. "से अगेन." विष्णू खाली बसला, ओलं तोंड तिच्यासमोर धरलं आणि एकेक शब्द सुटा करून, सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असा म्हणाला, "तू बरी झालीस!"

"आय नो," ती म्हणाली. "व्हाय यू आर शाउटिंग?"

एक नर्स वळून हसली. विष्णू रडता रडता हसायला लागला, आणि मिहू त्याचा नाद सोडून दाराकडे चालू लागली, तुरुतुरु, नव्या कुरळ्या केसांची, आमच्या दोघांच्या पुढे. मी मागून विचारलं, "मिहू, भूक लागली का गं?" ती वळली नाही. मी भरभर चालत तिच्या पुढे गेले, वाट अडवून उकिडवी बसले आणि पुन्हा विचारलं. ती माझ्या ओठांकडे नीट बघत होती.

"येस," ती म्हणाली. "व्हेरी."